व्हॅल्युअर दहा मिनिटांत निघून गेला. आता घराचा भाव आठ लाखांनी पाडायचा का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. नागपुरात मानेवाड्याकडच्या एका ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून विकलेल्या वस्तीत, वडिलांचं घर आहे. प्लॉट १५०० चौरस फूट, खालचं बांधकाम २७ वर्षांपूर्वीचं, वर दोन खोल्या बारा वर्षांपूर्वी चढवलेल्या. तुम्ही पुण्याला, घरात आई एकट्या. ७८ लाखांत सौदा ठरला, बयाणा झाला. मग गिऱ्हाइकाच्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे कर्जासाठी घराची किंमत काढणारा माणूस, फोन न करता भर दुपारी आला, चपला घालूनच देवघरापर्यंत गेला, टेप बाहेर काढलीच नाही, फोन कानाचा हलला नाही. निघताना आईंना म्हणाला, "काकू, चहापाण्याचं बघा, म्हणजे रिपोर्ट बराबर होते." आईंनी काही दिलं नाही. रिपोर्ट ७० लाखांचा आला. आता गिऱ्हाईक म्हणतो, बँकच ७० म्हणते तर मी ७८ काऊन देऊ? आणि तुम्ही विचारता, या माणसाची तक्रार कुठे करायची.

मी सिव्हिल इंजिनिअर, नोंदणीकृत मूल्यांकनकार, नागपुरात २४ वर्षं हेच काम करतो. म्हणजे तुम्ही ज्याच्यावर चिडलात त्याच्याच धंद्यातला. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे माझं बोलणं कुठे आमच्या लोकांकडे झुकलेलं वाटलं तर तुम्हाला कळेल का झुकलं.

तक्रारीचा पत्ता शेवटी सांगतो. आधी एक गुंता सोडवू. तुमच्या डोक्यात तीन गोष्टी एक झाल्या आहेत: त्याचं वागणं, त्याचा आकडा आणि गिऱ्हाइकाची मागणी. या तिन्हींचा एकमेकांशी वाटतो तेवढा संबंध नाही. वागण्याची तक्रार शंभर टक्के खरी ठरली, तरी त्याने आकडा हलत नाही. आकडा चुकीचा निघाला, तरी गिऱ्हाईक घासाघीस सोडेलच असं नाही. आणि मला या धंद्यात सगळ्यात जास्त भीती उद्धट माणसाची वाटत नाही. गोड बोलून, चहा पिऊन, आजींच्या गुडघ्यांची चौकशी करून एकही भिंत न मोजता जाणाऱ्याची वाटते. त्याची तक्रार कोणी करत नाही.

म्हणून पहिलं काम: ७० हा आकडा रिपोर्टमधल्या कोणत्या ओळीत आहे ते बघा.

बँकेच्या रिपोर्टात एक किंमत नसते. साधारण तीन असतात. पहिली बाजारमूल्य. दुसरी वसुलीयोग्य मूल्य, म्हणजे थोड्या मुदतीत विकून हातात किती येईल ती. तिसरी अडचणीतली विक्री, म्हणजे कर्ज बुडालं आणि बँकेने घाईत लिलाव केला तर किती मिळतील ती. शिवाय रेडी रेकनरची सरकारी किंमत वेगळी लिहिलेली असते. दुसरी आणि तिसरी किंमत बरेच व्हॅल्युअर पहिलीच्या सरळ ९० आणि ८० टक्के धरतात. हा कायदा नाही, पडलेली पद्धत आहे. आता ७८ चे ९० टक्के काढा. ७० लाख २० हजार. माझ्याकडे अशी प्रकरणं आली आहेत जिथे व्हॅल्युअरने सौद्याचीच किंमत मान्य केली होती, आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्या ओळीतला आकडा दाखवून मालकाला घाबरवलं. कधी मुद्दाम, कधी त्यालाच कळलेलं नसतं. कर्जखात्यातला मुलगा फोनवर सांगतो "सेव्हंटी आलं", आणि तो आकडा तसाच फिरतो.

रिपोर्टची प्रत तुम्हाला बँक देणार नाही. तुम्ही बँकेच्या कोणी नाही. फी गिऱ्हाइकाने भरली आहे, रिपोर्ट बँकेच्या नावाने आहे. काही शाखा गिऱ्हाइकाला प्रत देतात, काही देत नाहीत. पण शेवटचं गोषवाऱ्याचं पान दाखवा एवढं तो मागू शकतो, आणि तुम्ही त्याला सरळ सांगू शकता की ते पान बघितल्याशिवाय किमतीवर मी बोलणार नाही. यात भांडण नाही. ज्या कागदाच्या जोरावर आठ लाख मागतोस, तो कागद दाखव, इतकंच.

समजा पान आलं आणि ७० हेच बाजारमूल्य निघालं. मग आकडा कसा बनला ते उलगडायचं. आमची पद्धत गुपित नाही. जमिनीचा दर गुणिले क्षेत्रफळ, अधिक बांधकामाची आजची किंमत, त्यातून वयाची घट वजा. खालचे दर मी फक्त उदाहरणासाठी धरतो. तुमच्या गल्लीचा दर गल्लीत जाऊनच कळेल.

जमीन १५०० फूट, दर ४००० धरला तर ६० लाख. खालचं बांधकाम ९०० फूट, आज नव्याने बांधायला १८०० रुपये फूट, म्हणजे १६.२० लाख. घराचं आयुष्य ६० वर्षं आणि शेवटी १० टक्के किंमत उरते असं धरलं, तर २७ वर्षांत साडेचाळीस टक्के घट होते. उरले ९.६४ लाख. वरच्या खोल्या ४५० फूट, त्याच दराने ८.१० लाख, बारा वर्षांची घट १८ टक्के, उरले ६.६४. कंपाउंड, गेट, बोअरवेल मिळून पावणेदोन लाख. बेरीज जवळपास ७८.

आता यातून वरच्या दोन खोल्या आणि बोअरवेल-कंपाउंड काढून टाका. ६९.६४ उरतात. म्हणजे ७०.

मी रिपोर्ट पाहिलेला नाही, त्यामुळे पैज लावत नाही. पण तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय त्या माणसाच्या सूडावर जात नाही, वरच्या खोल्यांवर जातो. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, "वरचं बाबांनी नंतर चढवलं." कोणत्या नकाशावर चढवलं, ते लिहिलेलं नाही. त्या खोल्या मंजूर नकाशात नसतील तर बँकेचा कोणताही व्हॅल्युअर, टेप काढणारा किंवा न काढणारा, त्या शून्य धरतो. धरायलाच हव्यात. बँक तारण घेते ते कागदावर उभं राहणारं बांधकाम.

म्हणून पुढचा फोन आईंना करा आणि कपाटातली फाइल काढायला सांगा. त्यात मंजूर नकाशा आहे का, आणि त्यावर पहिला मजला आहे का? नागपुरात हा प्रश्न जरा खोल जातो. मानेवाडा, हुडकेश्वर, नंदनवनच्या पुढचा भाग, बेसा, दाभा, या पट्ट्यांत अनेक ले-आउट आधी पडले आणि मंजुरी नंतर आली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने, म्हणजे लहान तुकड्यांत विकलेल्या जमिनींच्या कायद्याने, ते नियमित करायची सोय झाली. आपल्याकडे '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' ही अशा ले-आउटांच्या दोन गटांची नावं रिक्षावाल्यालाही माहीत असतात ती त्यामुळेच. अशा प्लॉटला नागपूर सुधार प्रन्यासचं नियमितीकरण पत्र, म्हणजे आपलं आर.एल., फार महत्त्वाचं. डिमांड, म्हणजे प्रन्यासने मागितलेली रक्कम, भरली आणि पावती आहे म्हणजे आर.एल. आहे असं अनेकजण धरून चालतात. पावती वेगळी, पत्र वेगळं. आणि आर.एल. प्लॉटचं असतं. त्यामुळे घराचा नकाशा आपोआप मंजूर होत नाही. या दोन कागदांची गल्लत मी दर महिन्याला बघतो, शिकल्या-सवरल्या माणसांकडेही.

वरच्या खोल्या मंजूर असतील आणि त्याने त्या सोडल्या असतील, तर तुमची बाजू पक्की आहे. नकाशाची प्रत गिऱ्हाइकामार्फत बँकेत द्या, दुरुस्त रिपोर्ट मागा. मंजूर नसतील, तर ७० हा आकडा त्याच्या वागण्याइतका वाईट नाही, हे कडू आहे पण गिळावं लागेल. तरीही सौदा ७८ ला होऊ शकतो. गिऱ्हाईक त्या खोल्या वापरणारच आहे, कदाचित भाड्यानेही देईल. बँक त्यावर पैसे देणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मात्र मंजुरी नाही हे त्याला आधी सांगून टाका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने ठाऊक असलेली महत्त्वाची उणीव सांगायचीच असते. शिवाय हुशार गिऱ्हाइकाला ती रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी सापडते, आणि तेव्हा आठाचे बारा होतात.

खोल्यांचं प्रकरण स्वच्छ असेल तर पुढचे दोन संशयित: वय आणि माप. बाहेरून जुनाट दिसणाऱ्या घराचं वय अंदाजे ठोकणं ही आमच्यातली जुनी खोड आहे. त्याच ९०० फुटांना २७ ऐवजी ४० वर्षं धरली, तर घट ६० टक्के होते आणि ९.६४ चे ६.४८ लाख उरतात. फक्त एका आकड्याने तीन लाखांहून जास्त गेले. वय सिद्ध करायला उत्तम पुरावा घरटॅक्सची पहिली पावती, त्यानंतर वीजजोडणीची तारीख. आईंनी जुन्या पावत्या एखाद्या पत्र्याच्या डब्यात जपल्या असतील. बहुतेक आया जपतात.

माप तर त्याने घेतलंच नाही म्हणता. मग क्षेत्रफळ आलं कुठून? बहुधा घरटॅक्सच्या पावतीवरून किंवा विक्रीपत्रावरून. ते खऱ्यापेक्षा कमी असू शकतं, जास्तही. जास्त निघालं तर? ताई, हा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. फेरमोजणी मागितली की ती दोन्हीकडे जाते. मागण्याआधी घरातल्या कोणाला तरी टेप घेऊन स्वतः मोजायला सांगा. भाच्याला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. बाहेरच्या भिंतींच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचं, पोर्च वेगळा लिहायचा.

इथे माझी एक चूक सांगतो. २००९ साली हुडकेश्वरच्या पुढे एका ले-आउटमध्ये प्लॉट बघायला गेलो. तेव्हा तिथे दगड आणि गाजरगवत, बाकी काही नव्हतं. मालकाच्या पुतण्याने हात दाखवला तो प्लॉट मी मोजला, फोटो काढले, उन्हात जीव जात होता म्हणून निघून आलो. विक्रीपत्रात पूर्वेला रस्ता लिहिला होता. मी मोजलेल्या प्लॉटच्या पूर्वेला दुसरा प्लॉट होता. मी दुसऱ्याचीच जमीन मोजून आलो होतो. बँकेच्या वकिलाने पकडलं, मला दुरुस्त रिपोर्ट द्यावा लागला, आणि तोपर्यंत मालकाचा सौदा तीन आठवडे अडकला. मी त्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून मी विक्रीपत्र हातात धरून फाटकात उभा राहतो आणि चारी दिशांना वळून एकेक चतुःसीमा मोठ्याने वाचतो. शेजारपाजारचे लोक हसतात. हसू देत.

हे सांगायचं कारण, दहा मिनिटांच्या भेटीमागे नेहमीच बदमाशी नसते. तुमच्याकडे जो आला तो बहुधा व्हॅल्युअर नव्हताच. सही करणारा ऑफिसात बसतो आणि साइटवर एखाद्या डिप्लोमा झालेल्या मुलाला पाठवतो. त्याला भेटीमागे थोडके पैसे. सकाळी कोराडी रोड, दुपारी बेसा, संध्याकाळी हिंगणा, मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत गाडीवर. त्यातून टेप न काढण्याची सवय लागते. ही सबब म्हणून सांगत नाही. चहापाणी मागायला तर कसलीच सबब नाही. पण यातून तुम्हाला एक हत्यार मिळतं: रिपोर्टावर भेटीची तारीख, भेट देणाऱ्याचं नाव आणि हजर माणसाचं नाव लिहिलेलं असतं. तिथे सही करणाऱ्यानेच भेट दिली असं लिहिलं असेल आणि आलेला दुसराच असेल, तर "आईशी उद्धट बोलला" यापेक्षा हा मुद्दा बँकेला कितीतरी जास्त टोचतो.

आता चहापाण्याचं. आईंनी दिलं नाही, उत्तम केलं. व्यवहार म्हणूनही ते बरोबरच होतं. पैसे देऊन फुगवलेला रिपोर्ट मोठ्या कर्जाला टिकत नाही, बँक दुसरा व्हॅल्युअर पाठवते आणि दोन रिपोर्टांत फरक दिसला की फाइल थंड्या बस्त्यात. शिवाय एकदा दिलं की तोच माणूस "फोटो नीट आले नाहीत" म्हणून परत येतो. पुन्हा कोणी मागितलं तर आईंनी एवढंच म्हणायचं: "भाऊ, फी बँकेकडून मिळते ना? मी शाखेत विचारून सांगते." वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही. तो गेला की तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि त्याचे शब्द वहीत लिहायचे. मागितलेली रक्कम सांगितली असेल तर तीही.

तक्रार कोणी करायची? गिऱ्हाइकाने. तो बँकेचा ग्राहक आहे. शाखाधिकाऱ्याला लेखी, ईमेलवर. मजकूर कोरडा ठेवायचा: अमुक तारखेला भेट झाली, माप घेतलं गेलं नाही, पैशांची मागणी झाली, रिपोर्टात अमुक बाबी वस्तुस्थितीशी जुळत नाहीत, सोबत पुरावे, पॅनेलवरच्या, म्हणजे बँकेच्या यादीतल्या, दुसऱ्या व्हॅल्युअरकडून मूल्यांकन व्हावं ही विनंती. "बेशिस्त", "चोर", "लुटारू" असले शब्द एकही नको. तुम्ही स्वतः वेगळं पत्र लिहून आईंनी पाहिलेली हकीकत जोडा. बँकेवर तुम्हाला उत्तर द्यायचं बंधन नसलं तरी ते पत्र फाइलला लागतं. पॅनेलवरच्या माणसांबद्दल लेखी काही आलं की बँका कान टवकारतात. घोटाळ्यांत हात असलेल्या व्हॅल्युअर आणि वकिलांची नावं बँका आपापसांत कळवतात, आणि पॅनेलवरून जाणं म्हणजे आमच्या धंद्यात दुकान बंद होणं.

बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर गिऱ्हाईक रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ शकतो, एकात्मिक लोकपाल योजनेखाली. पण स्पष्ट सांगतो, लोकपाल सेवेतली कसूर बघतो, तुमच्या घराची किंमत ठरवत नाही. आणि तुमचा सौदा तितका थांबणारही नाही. बहुतेक वेळा काम दुसऱ्या मूल्यांकनातच होतं, किंवा गिऱ्हाईक सरळ दुसऱ्या बँकेत फाइल लावतो.

स्वतःचा व्हॅल्युअर नेमून रिपोर्ट काढावा का, असंही तुम्ही विचारलंय. बँकेवर तो बंधनकारक नाही, ती बाजूला ठेवू शकते. तरीही तुमच्या बाबतीत मी काढा म्हणेन, कारण तो दोनदा कामी येईल. प्लॉट आणि खालचं घर दोन्ही २००१ च्या आधीचं आहे. भांडवली नफ्याचा हिशेब करताना १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, एवढी मर्यादा आहे. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा रिपोर्ट हाताशी असलेला बरा, मग त्याच भेटीत आजची किंमतही लिहून घ्या. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के की महागाई निर्देशांकासह वीस टक्के, हा पर्याय तुमच्या सी.ए.कडून मोजून घ्या. तो माझा प्रांत नाही.

दराबाबत वाद असेल तर शेजारच्या व्यवहारांची सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या विक्रीचा उतारा, काढा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. त्याच ले-आउटमधल्या, त्याच रुंदीच्या रस्त्यावरच्या गेल्या वर्षभरातल्या दोन-तीन रजिस्ट्र्या पुरेत. अडचण ही की कागदावरची किंमत आणि चौकात बोलली जाणारी किंमत यांत आपल्याकडे अंतर असतं, आणि बँक कागदच बघते. दलाल "मॅडम, इथे साडेपाच हजार चालू आहे" म्हणाला म्हणून व्हॅल्युअर तो दर लिहिणार नाही. उलटही होतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचं पाणी उलटून खालच्या वस्त्यांत शिरलं, त्यानंतर नाग नदीकाठच्या घरांकडे जाताना मी मालकाला विचारायच्या आधी पानटपरीवाल्याला विचारतो की पाणी कुठवर चढलं होतं. मालक "आमच्याकडे काही नाही" म्हणतो, टपरीवाला भिंतीवरची खूण दाखवतो. पाण्यापायी अशी वजावट झाली तर ती सोसावी लागते.

गिऱ्हाइकाच्या आठ लाखांकडे येऊ. त्याचं म्हणणं, बँकेने आठ कमी म्हटलं तर तुम्हीही आठ कमी करा. हिशेब तसा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के, ही कमाल मर्यादा. बँक सौद्याची किंमत आणि मूल्यांकन यांतली कमी रक्कम धरते. ७८ चे ८० टक्के ६२.४० लाख, ७० चे ५६ लाख. म्हणजे त्याच्या कर्जात जास्तीत जास्त ६.४० लाखांची खोट आली, तीही त्याची कमाई तेवढं कर्ज झेपणारी असेल तर. पगारावरून त्याला मुळातच ५५ मिळणार असतील तर या रिपोर्टाने त्याचं काहीच बिघडलेलं नाही. हा प्रश्न विचारा: "पगारावर मंजुरी कितीची आहे?" उत्तरावरून कळेल, पैशांची अडचण आहे की संधी साधतोय. अडचण खरी असेल तर मार्ग निघतो: ताब्याची तारीख महिनाभर पुढे, म्हणजे त्याला स्वतःचे पैसे उभे करता येतील, किंवा एक-दीड लाखावर तडजोड. सगळे आठ सोडायचं कारण मला दिसत नाही.

तुमच्या बयाणापत्रात याबद्दल काय लिहिलंय ते बघा. बहुधा काहीच नसेल. आपल्याकडे बयाणा म्हणजे स्टॅम्पपेपर, दोन साक्षीदार आणि "कर्ज मंजूर होताच विक्रीपत्र" असं एक मोघम वाक्य. कितीचं कर्ज? मूल्यांकन कमी आलं तर? बयाणा परत की जप्त? किती दिवसांत? कोरं. हा सौदा मोडून पुढच्या गिऱ्हाइकाशी लिहिण्याची वेळ आली, तर एवढं घाला: मूल्यांकन कमी आल्यामुळे कर्ज कमी पडल्यास फरक खरेदीदाराने स्वतः भरायचा, तो भरू शकत नसेल तर अमुक दिवसांत लेखी कळवायचं, आणि मग बयाण्यातून अमुक रक्कम वजा करून बाकी परत. वकिलाकडून नीट शब्दांत बसवून घ्या. घर दाखवायला सुरुवात करायच्या आधी नकाशा आणि आर.एल. गिऱ्हाइकाच्या हातात दिलं, तर ही वेळच बहुतेकदा येत नाही.

अजून एक शेपूट. गिऱ्हाईक जाता जाता म्हणाला ना, की प्लॉट जागेवर १५०० भरत नाही. हे काम व्हॅल्युअरचं नाहीच. बँकेच्या माणसाने टेपने काढलेलं प्लॉटचं माप हद्दीच्या वादात चालत नाही, आणि खाजगी सर्व्हेअरचा रंगीत नकाशाही नाही. नगर भूमापन झालेलं असेल, आखीव पत्रिका, म्हणजे शहरातल्या प्लॉटचा सरकारी उतारा, असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर आधी प्रन्यासचं सीमांकन बघा. सरकारी मोजणीची 'क' प्रत हाच कागद. मोजणीच्या दिवशी लगतच्या धारकांना नोटीस गेलेली असली पाहिजे, आणि घरचं कोणी तरी हजर पाहिजे. भूकरमापकाने घाईत खुणा केल्या, तुम्हाला पटलं नाही, तर जबाबावर नुसती सही करू नका, हरकत लिहून सही करा. त्यावर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे तपासणीची फेरमोजणी, मागता येते. आणि तिथे कोणी पैसे मागितले तर तो सरकारी नोकर आहे, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर त्यासाठीच आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं, हे ध्यानात ठेवा.

तर या आठवड्याचा क्रम असा ठेवा. गोषवाऱ्याचं पान, मग आईंच्या कपाटातला नकाशा, मग भाच्याची टेप. हे तिन्ही हातात आल्याशिवाय बँकेला पत्र नाही आणि गिऱ्हाइकाला आकडा नाही. नकाशात पहिला मजला आहे की नाही ते मला कळवा, त्यावर पुढचं सगळं बदलतं.

दुसरा व्हॅल्युअर यायचा ठरला की गिऱ्हाइकाकडून त्याचं नाव आणि वेळ आधी घ्या, शेजारच्या कोणाला तरी आईंसोबत बसवा. कागदांचा एक संच त्याच्या हातात द्यायचा, पोच घ्यायची. तो टेप काढत नसेल तर भाच्याने स्वतःची टेप पुढे करून म्हणावं, "दादा, ते टोक मी धरतो." यावर नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि हाही चपला घालून देवघराकडे निघाला, तर आईंनी खुशाल सांगावं, चपला बाहेर. त्याने रिपोर्टात एक रुपयाही कमी होत नाही.